गाडीच्या पोटाखालचा इतिहास

आपल्या देशातील मोटारगाडीचा इतिहास जो कोणी लिहितो तो गाडीकडे वरून पाहून लिहितो. १९४२ साली हिंदुस्थान मोटर्सची स्थापना झाली. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून बंगालमधील उत्तरपाड्यास अँबॅसडर तयार होऊ लागली, आणि इटलीच्या फियाटवरून कुर्ल्यात जी गाडी निघाली ती पुढे पद्मिनी या नावाने घरोघर ओळखली गेली. २०१४ च्या मे महिन्यात अँबॅसडरचे उत्पादन थांबले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने कायमचा निरोप घेतला. नावे, साले, मालक आणि कारखाने यांचा हा इतिहास खोटा नाही. पण तो छपराचा, बॉनेटचा आणि दिव्यांचा इतिहास आहे. गाडीला पोटही असते, आणि तिच्या आयुष्यात खरोखर काय काय घडले ते त्या पोटाखाली नोंदलेले असते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

पन्नाससाठ वर्षे चाललेली कोणतीही गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर उभी करून दिव्याच्या उजेडात खालून पाहिली, तर दोनचार वस्तू अशा हमखास आढळतात की ज्यांचा कशाशीच संबंध दिसत नाही. एखादी तांब्याची बारीक नळी चेसिसच्या कडेने चार हात जाते आणि मध्येच संपते. एखाद्या सळईच्या टोकास काटा असतो, पण त्या काट्यात अडकावयास काहीच नसते. एखादी लोखंडी पट्टी चार बोल्टांनी घट्ट बसवलेली असते आणि तिच्यावर टांगलेले मात्र काही नसते. आपण सरकारी नोकर मंडळी. आपणांस हा अनुभव कागदांत नित्याचा आहे. जुन्या मिसलीत मध्येच एक पत्र लागते. 'वरील विषयास अनुसरून' अशी त्याची सुरुवात असते, आणि तो वरील विषय मात्र मिसलीत कोठेच सापडत नाही. नवा कारकून ते पत्र निरुपयोगी समजून काढून टाकावयास निघतो. जुना कारकून ते जागच्या जागी ठेवतो. कारण येथे पूर्वी काहीतरी होते, एवढे तरी त्या पत्राने सिद्ध होत असते.

भिलाईत राहणाऱ्यास या गोष्टीचे महत्त्व थोडे अधिक वाटावे असे आम्हांस वाटते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्गशेजारच्या खेड्यांच्या जागी एक पोलादनगर उभे राहिले. सर्व प्रांतांतून माणसे आली आणि माणसांमागून त्यांच्या गाड्या आल्या. बदलीचा हुकूम आला की अधिकारी गाडी येथेच विकून जाई. गाडी दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाई, आणि प्रत्येक धनी आपल्या गरजेप्रमाणे व ऐपतीप्रमाणे तिच्यात फेरफार करी. नोंदणीपुस्तकात केवळ धन्यांची नावे बदलत गेली. फेरफारांची नोंद राहिली ती गाडीच्या पोटाखाली.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली. त्यांच्या उद्योगापासून आम्ही जो धडा घेतो तो असा: अर्थ लागत नाही म्हणून कागद टाकावयाचा नसतो. तो कोठे सापडला, कोणत्या कागदांच्या सोबतीने सापडला, हे आधी टिपून ठेवावयाचे असते; अर्थ मागाहून लागतो. जी शिस्त मोडी कागदास लागू आहे ती लोखंडासही लागू पडते. या शिस्तीने पाहू गेल्यास गाडीखालच्या तुटक वस्तूंचे तीन वर्ग पडतात. काही जन्मतःच मोकळ्या असतात, काही पुढे कोणीतरी सोडवलेल्या असतात, आणि काही तुटल्यासारख्या दिसतात पण तुटलेल्या नसतात. हे तीन वर्ग ज्याने एकमेकांत मिसळले त्याच्या हातून एकतर इतिहास नष्ट होतो, नाहीतर गाडी.

पहिला वर्ग घेऊ. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडातील काही गाड्यांस स्मिथ्स कंपनीची 'जॅकॉल' नावाची योजना बसवलेली असे. एम. जी. कंपनीच्या त्या काळच्या मोठ्या गाड्यांत ती होती, आणि १९४७ पासून निघालेल्या त्यांच्या वाय मालिकेतही होती. चाक बदलताना चिखलात गुडघे टेकावे लागू नयेत, म्हणून गाडीच्या खालीच पुढे दोन व मागे दोन असे चार जॅक कायमचे बसवलेले असत. पंपाचा दांडा मारला की नळ्यांतून तेल जाऊन हे पाय खाली उतरत आणि गाडी उचलली जाई. पुढचे दोन, मागचे दोन किंवा चारही, असे निवडण्याची सोय असे. ज्यास हे ठाऊक नाही त्यास खालून काय दिसेल? शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखे एक नळकांडे. वरचे टोक घट्ट आणि खालचे टोक अधांतरी. तो साहजिकच म्हणेल की खालचा सांधा तुटून पडला. वस्तुतः त्या टोकास भूमीखेरीज दुसरे काही जोडावयाचेच नव्हते.

जीपचेही असेच आहे. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत ज्या जीपगाड्या जोडण्यास सुरुवात केली, त्यांची घडण महायुद्धातील विलिस जीपची. तिच्या ट्रान्सफर केसच्या पाठीस एक झाकण असते. तेथे वेगळा दांडा जोडला तर इंजिनाच्या जोरावर पंप वा शेतीचे यंत्र चालवता येई. बहुतेक जीपगाड्यांच्या आयुष्यात तो प्रसंग आलाच नाही. झाकण मात्र राहिले. असा भाग पाहून 'येथून काय निघाले?' असे विचारणे व्यर्थ आहे. 'येथे काय लागावयाचे होते?' हा त्यास विचारावयाचा प्रश्न होय.

दुसरा वर्ग पुढे सोडवलेल्या भागांचा; इतिहासाची खरी खाण येथे आहे. मोटारीच्या आरंभकाळापासून चालकाच्या मागे एक त्रास होता. गाडीखालच्या प्रत्येक सांध्यास ठराविक अंतरानंतर ग्रीस वा तेल द्यावे लागे, आणि असे सांधे डझनावारी असत. अमेरिकेत जोसेफ बिजुर याने यावर उपाय काढला. एक टाकी, एक पंप आणि तेथून प्रत्येक सांध्याकडे जाणाऱ्या केसासारख्या बारीक वाटेच्या नळ्या. पाय एकदा दाबला की सगळीकडे तेल. १९२० नंतरच्या दशकात पॅकार्डने ही योजना घेतली, १९२९ च्या फँटम दोन या गाडीपासून रोल्स रॉइसने ती घेतली. भिलाईचा कारखाना ज्यांच्या साहाय्याने उभा राहिला त्या सोव्हिएत संघाने १९५६ साली व्होल्गा नावाची जी गाडी काढली, तिच्या पहिल्या मालिकेतही चालकाच्या पायाशी अशा तेलाचे एक पेडल होते. कल्पना उत्तम होती. पण नळ्या फुटत, तेल जेथे जावयाचे तेथे न जाता रस्त्यावर ठिबके, आणि कोणी टाकीत तेलाऐवजी भलतेच घट्ट वंगण घातले की बारीक वाटा कायमच्या बुजत. १९६० च्या सुमारास व्होल्गामधून ही योजना काढून टाकण्यात आली. आधीच्या गाड्यांच्या मालकांनी ती आपापल्या हाताने बंद केली आणि सांध्यासांध्यांवर पूर्ववत ग्रीसचे निपल बसवले. नळ्या काढण्याचे श्रम कोण घेणार? त्या तशाच राहिल्या. सांध्याजवळ येऊन थांबलेली बारीक नळी आणि शेजारी मागाहून बसवलेले निपल अशी जोडी दिसली, की हा सारा वृत्तांत डोळ्यांपुढे उभा राहतो.

स्टुडबेकर गाडीचा दाखलाही असाच बोधप्रद आहे. या अमेरिकन गाड्या हिंदुस्थान मोटर्स एके काळी आपल्याकडे जोडीत असे. १९३६ पासून स्टुडबेकरने चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून एक युक्ती योजिली. ब्रेकच्या तेलाच्या वाटेवर एक लहानशी गोळी असलेली पेटी बसवली. गाडी चढावर नाक वर करून उभी राहिली की गोळी मागे गडगडून तेलाची वाट अडवी, आणि क्लचवरचा पाय उचलेपर्यंत ब्रेक लागलेला राही. यासाठी क्लचपासून त्या पेटीपर्यंत एक सळई जात असे. सळईचे माप नीट लावलेले नसले तर सपाट रस्त्यावरही ब्रेक सुटेनासा होई. ज्या मिस्त्रीने ती पेटी कधी उघडून पाहिली नव्हती त्याने सळई सोडून दिली आणि गाडी चालू करून दिली. त्यास दोष देण्याचे कारण नाही. ज्या गावी त्या गाडीचे पुस्तक पोहोचले नव्हते तेथे त्याने गाडी पोहोचवली.

महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा आपल्याकडे पुष्कळ बसगाड्या, लॉऱ्या आणि काही मोटारीदेखील कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या पाठीस भट्टी असे आणि तेथून इंजिनाकडे जाडसर नळी जाई. युद्ध संपले, भट्ट्या गेल्या. त्या टांगण्यासाठी चेसिसला पाडलेली भोके आणि ठोकलेल्या पट्ट्या काही गाड्यांवर राहिल्या. त्याच युद्धातील ज्या जीपगाड्यांत बिनतारी यंत्राला इंजिनाच्या ठिणग्यांचा अडथळा होऊ नये अशी व्यवस्था केलेली असे, त्यांच्या भागाभागांमध्ये तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या जोडलेल्या असत. अशा पट्टीचे लोंबते टोक हे एका सैनिकी बिनतारी यंत्राचे अवशेष होय. आणि अगदी अलीकडचे उदाहरण पाहावयाचे तर, २००० सालानंतर न्यायालयाच्या आदेशांमुळे मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तेव्हा त्यांच्या पोटाखाली नव्या नळ्या आल्या. पुढे अशी टॅक्सी भंगारात निघाली तेव्हा तिच्या पोटाखाली शहराच्या हवेविषयीचा एक खटलाच नळीच्या रूपाने चिकटलेला होता.

यावरून दिसून येईल की तोडलेला भाग हा नुसता तोडलेला नसतो. तो कोणाच्या तरी अडचणीची तारीख असतो. गाडी ज्याने घडवली त्याने रस्ता कसा असेल, चालक कसा असेल, मिस्त्री किती शिकलेला असेल, यांविषयी मनाशी काही गृहीत धरले होते. ते गृहीत ज्या जागी चुकले त्या जागी सांधा सुटला.

तिसरा वर्ग सर्वांत फसवा आणि म्हणून सर्वांत धोक्याचा. जुन्या अँबॅसडरच्या पेट्रोल इंजिनाच्या बाजूने एक उघडी नळी खाली उतरते व जमिनीकडे तोंड करून संपते. तिला काहीही जोडलेले नसते आणि तिच्यातून अधूनमधून तेलाचा थेंब पडतो. ती इंजिनाच्या उच्छ्वासाची वाट आहे. इंजिनाच्या पोटात साठणारी वाफ पूर्वी अशीच रस्त्यावर सोडीत. ती वाफ पुन्हा इंजिनात जाळण्याची रीत कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपासून १९६१ च्या सुमारास सुरू झाली. थेंब बंद करावा म्हणून कोणी या नळीस बूच मारले, तर आतला दाब दुसरी वाट शोधतो आणि इंजिनाच्या प्रत्येक सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. तसेच इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये एक विणलेली तार असते. इंजिन रबरावर बसवलेले असल्यामुळे विजेस परतण्याची वाट तीच. ती निकामी समजून काढली, तर स्टार्टरचा एवढा मोठा प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या वा चोकच्या तारेतून परतू पाहतो आणि ती तार तापून लाल होते.

आणि सर्वांहून मोठा चकवा म्हणजे पुढच्या चाकापाशी सुरू होऊन चालकाच्या आसनाखालच्या आडव्या तुळईत संपणारी ती लांब गज. मॉरिस गाड्यांत १९४८ पासून आलेली आणि ऑक्सफर्डकडून अँबॅसडरकडे वारशाने आलेली ही गोष्ट आहे. ती हलत नाही, फिरत नाही, काही ओढीत नाही. पाहणारास वाटते की ही नुसती आधाराची सळई. वस्तुतः हीच त्या गाडीची पुढची स्प्रिंग आहे. गुंडाळी वा पाटे यांऐवजी हा सरळ गज पिळला जातो आणि त्या पिळाच्या जोरावर गाडीचे पुढचे ओझे तोललेले असते. गाडी उभी असतानाही त्या गजात तो जोर कोंडलेला असतो. रीत न जाणता त्याचा बोल्ट सोडणे म्हणजे हातपाय गमावण्याची तयारी करणे होय.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून भिलाईतील एक हकीकत सांगतो. आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबाकडे १९६८ सालची अँबॅसडर आहे. गृहस्थ कारखान्याच्या नोकरीत होते. ते जाऊन काही वर्षे झाली. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि तिचा सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मुलाने वडिलांची गाडी या नोंदणीसाठी द्यावयाचे ठरवले. अर्ज भरण्याचे काम आमच्याकडे आले, कारण कारकुनाच्या ओळखीचा उपयोग तेवढाच. आणि गाडी साफसूफ करण्यासाठी सुपेल्यातील एका गॅरेजात गेली.

तेथील तरुण मिस्त्रीने खड्ड्यात उतरून तीन वस्तू मुलास दाखवल्या: चालकाच्या बाजूस लोंबणाऱ्या दोन सळया, इंजिनापासची उघडी नळी, आणि तो लांब गज. "साहब, ये सब बेकार है, काट देते हैं, गाडी साफ दिखेगी," असा त्याचा अभिप्राय पडला. मुलासही ते पटले. गाडी मूळ रूपात हवी, तर खाली काही लोंबकळत असता कामा नये, हा त्याचा तर्क वरवर पाहता बिनतोड होता. आम्ही एवढेच सुचवले की कापण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची ओळख पटवावी.

नळी आणि गज यांचा उलगडा दुरुस्तीच्या जुन्या पुस्तकातील आकृतीवरून तासाभरात झाला, आणि मिस्त्रीने गजावरचा हात आपण होऊन काढून घेतला. प्रश्न राहिला दोन सळयांचा. तेव्हा आम्ही वर सांगितलेली शिस्त लावली. पहिला प्रश्न: या मूळच्या की मागाहूनच्या? ज्या तिकाटण्यांवर त्या बसल्या होत्या त्यांच्या बोल्टांस इंची पाने बसत होते. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ साली मान्य केलेल्या समान आट्यांचे बोल्ट मॉरिसकडून अँबॅसडरकडे आले होते; तेव्हा सळया गाडीच्या जन्माच्या. उलट, गाडीच्या जमिनीतून वर येणाऱ्या गिअरच्या दांड्याची पट्टी पाहिली तर तिच्या बोल्टांस मिलिमीटरचे पाने बसले. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि बाजारातला बोल्ट हळूहळू मेट्रिक झाला. म्हणजे जो दांडा आज वापरात आहे तोच उपरा, आणि ज्या सळया निकामी म्हणून कापावयाच्या त्याच घरच्या. दुसरा प्रश्न: या हलत होत्या की स्थिर होत्या? सळयांच्या टोकांची भोके झिजून लांबट झाली होती. म्हणजे त्या हजारो वेळा मागेपुढे झाल्या होत्या. तिसरा प्रश्न: यांचे तोंड कोणीकडे? एकीकडे स्टीअरिंगच्या दांड्याचा पाया, दुसरीकडे गिअरपेटी.

तेवढ्यात गॅरेजचे म्हातारे मालक तेथे आले. त्यांनी आत बसून स्टीअरिंगखाली डावा हात नेला आणि रिकाम्या हवेत ओढणे, उचलणे, दाबणे अशा चार हालचाली केल्या. बोलले काहीच नाहीत. तरुण मिस्त्रीने ती गाडी जमिनीवरच्या दांड्यानेच चालवलेली पाहिली होती. त्या हाताची गती त्यास ठाऊक नव्हती. जुन्या अँबॅसडरचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असे, आणि हाताची आज्ञा गिअरपेटीपर्यंत नेण्याचे काम या दोन सळयांचे. सांधे झिजले की दोघी एकमेकींत अडकत, आणि चालकास भर रस्त्यात उतरून, बॉनेट उघडून, त्या हाताने सोडवाव्या लागत.

सळयांचे नाव कळले. त्या सुटल्या केव्हा व का, हे लोखंडावरून कळण्यासारखे नव्हते. ते सांगितले घरच्या काकूंनी. १९८९ च्या उन्हाळ्यात थोरल्या मुलीचे लग्न नागपुरास होते. निघण्याच्या आधल्या आठवड्यात गाडी रेल्वेच्या फाटकात अडकली, गिअर पडेना. "ह्यांनी खाली उतरून सोडवला, पण घरी आल्यावर म्हणाले, मुलीला घेऊन या गाडीतून मी फाटक ओलांडणार नाही," असे त्या म्हणाल्या. चार दिवसांत दांडा जमिनीवर बसवला गेला आणि सळया सोडल्या गेल्या. त्या का काढल्या नाहीत, असे आम्ही विचारले. काकू म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं होतं, लग्न झालं की पुन्हा नीट करून घेऊ." लग्न झाले. सळया तेथेच राहिल्या.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. चौतीस-पस्तीस वर्षे ज्या वस्तू त्याच्या पायांखालून दोन वितींवर लोंबत होत्या त्यांचा अर्थ त्यास त्या दिवशी लागला. सळया कापल्या गेल्या असत्या तर गाडी वरून अधिक स्वच्छ दिसली असती आणि मूळ रूपापासून कायमची दूर गेली असती. कारण स्टीअरिंगवरचा गिअर पुन्हा बसवावयाचा झाला तर त्याचा दुवा याच दोन सळया. आता त्यांस गंज काढून तेल दिले आहे, झिजलेल्या भोकांत नवे बुश घालावयाचे ठरले आहे, आणि वडिलांनी लग्नानंतरवर टाकलेले काम मुलगा करवून घेत आहे. अर्जासोबत द्यावयाच्या टिपणात १९८९ चा फेरफार त्याने स्वतः लिहिला. तो लपवावा असे त्यास एकदा वाटले होते. पण ज्या फेरफारामागे असे कारण होते तो लपवण्यात वडिलांचाच एक निर्णय पुसला जातो, हे त्यास पटले.

आता आमच्या वाचकांशी दोन शब्द. आपणांपैकी पुष्कळांच्या कार्यालयांत जुन्या सरकारी गाड्या होत्या किंवा आहेत. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवावयाची नाही, असा नियम झाला आहे. प्रदूषण आणि सुरक्षितता यांच्या दृष्टीने तो योग्यच आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. सर्व गाड्या राखता येत नाहीत, राखूही नयेत. पोलाद गाळताना भट्टीत भंगारही घालावे लागते, हे भिलाईकरांस कोणी सांगावयास नको. आजचे भंगार उद्याचे पोलाद होते, हीही एक परंपराच आहे. पण भट्टीत पडलेल्या लोखंडास पूर्वीचा आकार आठवत नाही. म्हणून त्यापूर्वी कोणीतरी पाहून ठेवले पाहिजे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, धावलेले अंतर यांचे रकाने आपण भरतोच. त्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: गाडीखाली कोणते सुटे भाग आढळले, आणि जुन्या चालकाच्या सांगण्याप्रमाणे ते कशाचे होते. सोबत खालून घेतलेली दोन छायाचित्रे असावीत. ज्यांच्या घरी वाडवडिलांची गाडी आहे त्यांनी तर याहून सोपे काम करावे. घरातील वडीलधारे माणूस आणि गावातील म्हातारा मिस्त्री ही दोघे असेतोवर त्यांना गाडीजवळ न्यावे, आणि ज्या ज्या भागाचा अर्थ लागत नाही त्यास सुतळीने एक चिठ्ठी बांधून विचारावे. पुस्तकातली आकृती भागाचे नाव सांगते. तो का सोडला हे माणूसच सांगते, आणि माणूस गाडीइतका टिकत नाही.

पाना हातात घेण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न एकच: हे पूर्वी कशाशी जोडलेले होते? त्याचे उत्तर मिळाले तर भाग ठेवावा की काढावा हे ज्याचे त्याने ठरवावे. उत्तर मिळाले नाही, तर चिठ्ठीवर प्रश्नच लिहून ठेवावा आणि भाग जागच्या जागी राहू द्यावा. तो वाचणारा आज ना उद्या कोणी येईल.